हार्मला घ्यावं का

मंगळवारी सकाळी आठ वाजून बारा मिनिटांनी, आइंडहोवनच्या रिंगरोडवर सायकलींच्या सिग्नलला एक पाय टेकून उभा असताना देवदत्तच्या खिशातला फोन थरथरला आणि त्यानं तो काढून वाचायची चूक केली. निरोप योस्टचा होता. योस्ट त्यांच्या हॉकी टीमचा कॅप्टन. टीम तिशी ओलांडलेल्यांच्या लीगमधली, तळातून दुसरी. ‘देव, मोठी बातमी. शेजारच्या गावातल्या क्लबचा हार्म आपल्याकडे यायला तयार आहे. बदल्यात त्यांना अभिजित हवा. हार्म एकसष्ट वर्षांचा आहे आणि महागडा आहे, तेव्हा घाई नको. धोके मोजणं हा तुझा धंदाच आहे. गुरुवारच्या मीटिंगसाठी एक पान लिहून दे. नेहमीसारखं प्रामाणिक.’ देवदत्तनं ते दोनदा वाचलं. सिग्नल हिरवा झाला, मागची सायकल घंटी वाजवत त्याला वळसा घालून गेली, तिच्या पुढच्या लाकडी पेटीत बसलेल्या दोन मुलांनी त्याच्याकडे सहानुभूतीनं पाहिलं, आणि सिग्नल पुन्हा लाल झाला. तिसऱ्यांदा वाचताना त्याच्या लक्षात आलं, की हार्म गोली आहे. टीमला गोली एकच लागतो. आणि गेली सहा वर्षं टीमचा गोली तो स्वतः होता.

डच माणूस तोंडावर बोलतो, हे तो इथे आल्यापासून ऐकत होता. ‘तुझा भात फार तिखट आहे’, ‘तुझा मुद्दा चुकीचा आहे’, ‘हा शर्ट तुला शोभत नाही’, हे सगळं त्यानं एकोणीस वर्षांत पचवलं होतं. पण हे तोंडावर बोलणं नव्हतं. ज्याला काढायचं त्यालाच मोजपट्टी हातात देऊन ‘जरा तुझ्या जागेचं माप घे’ असं सांगणं होतं. की योस्ट विसरलाच होता? ही शक्यता जास्त वाईट होती. सहा वर्षं गोलमध्ये उभ्या असलेल्या माणसाला टीम विसरली असेल, तर त्याचा अर्थ तो गोलच्या खांबांपैकी एक झाला होता, आणि चेंडू अडवण्याच्या बाबतीत दोन्ही खांबांची कामगिरी त्याच्यापेक्षा थोडी बरी होती. हा विचार त्याला उरलेल्या रस्त्यावर इतका पुरला, की ऑफिसच्या दारातून तो पाचशे मीटर पुढे गेला आणि मग वळून आला.

मुळात तो गोली झाला तो एका शब्दामुळे. सहा वर्षांपूर्वी त्याची मुलगी इरावती नऊ वर्षांची असताना तिला शनिवारी क्लबवर सोडायला जायचा, आणि तिथे कॉफीचा कागदी पेला धरून उभ्या असलेल्या बापांनी एक टीम काढायचं ठरवलं. अकरा जणांत गोली कुणालाच व्हायचं नव्हतं. तेव्हा योस्टनं वळून विचारलं होतं, “तू भारताचा ना? तू तर खेळलाच असशील.” देवदत्त सांगलीचा. सांगलीत त्यानं कबड्डी पाहिली होती, क्रिकेट खेळलं होतं, आणि हॉकीची स्टिक एकदाच हातात धरली होती, ती शेजाऱ्यांच्या माळ्यावरची वटवाघळं हाकलायला. पण समोर दहा उंच माणसं एखाद्या प्राचीन संस्कृतीकडे पाहावं तशी आदरानं पाहत होती. तो म्हणाला, “थोडंफार.” डच माणूस ‘थोडंफार’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ थोडंफार असतो. पण पूर्वेकडचे लोक विनयानं कमी सांगतात, असं या दहाही जणांनी कुठेतरी वाचलेलं असावं. पुढच्या रविवारी त्याच्यासाठी पॅड, हातमोजे, छातीचं चिलखत आणि हेल्मेट मांडून ठेवलेलं होतं, आणि खरं सांगायची वेळ निघून गेली होती. अशी वेळ निघून जायला किती कमी वेळ लागतो याचं त्याला अजूनही नवल वाटे.

आणि मग त्याला ते आवडायला लागलं. ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती, बायकोला, ऋजुतालाही नाही. त्या सगळ्या फोमच्या आत, स्वतःच्या घामाच्या आणि ओल्या कुत्र्यासारख्या वासाच्या आत, आठवड्यातली सत्तर मिनिटं त्याला कुणीही काही विचारत नसे. ऑफिसात लोक त्याला विचारत, हा भाग किती वर्षं टिकेल. घरी इरावती विचारत असे, दहावीनंतर तिनं कुठला विषय सोडावा. सांगलीहून वडील, अप्पा, विचारत, यायचं कधी. गोलमध्ये फक्त चेंडू येई, आणि चेंडूचं एक बरं असतं, की तो आला तरी उत्तर लगेच मिळतं. बहुतेक वेळा ते उत्तर पाठीमागे लाकडी फळीवर ठक्क असं वाजे. गेल्या मोसमात असं एकाहत्तर वेळा वाजलं होतं. तरी पुढच्या रविवारी तो आधी पोचलेला असे. पावसात, वाऱ्यात, कुणाची तरी बायको बाळंत झाली म्हणून नऊच जण आलेले असताना, तो गोलमध्ये असे.

ऑफिसात त्यानं रोजचा तक्ता उघडला. चिप बनवणाऱ्या यंत्रांचे सुटे भाग पुरवणारी त्याची कंपनी या तक्त्यावर चालत होती. काय बिघडू शकतं, बिघडलं तर किती नुकसान, किती वेळा बिघडेल, आणि बिघडायच्या आधी कळेल का. प्रत्येकाला एक ते दहा गुण आणि शेवटी गुणाकार. शंभराच्या वर गेलं की तो भाग घ्यायचा नाही. त्यानं पहिल्या रकान्यात ‘हार्म’ असं लिहिलं आणि शेजारी बसणाऱ्या इंग्लिश मुलीनं वाकून पाहिलं. “कुठल्या प्रकारचा हार्म?” तिनं विचारलं. “हॉकीतला,” तो म्हणाला. मग त्यानं योस्टच्या दुसऱ्या निरोपातल्या अटी उतरवल्या. क्लबची वर्षाची वर्गणी टीमनं भरायची. हातमोजे नवे, आणि तेही जर्मनीतून मागवलेले. बाहेरगावच्या सामन्याला दारातून न्यायचं, गाडीत पुढची सीट. पाच अंशांच्या खाली खेळणार नाही. या शेवटच्या अटीपाशी देवदत्तला आनंद झाला. नेदरलँड्समध्ये पाच अंशांच्या वरच खेळणारा गोली म्हणजे फक्त कोरड्या हवेत चालणारी छत्री. त्यानं तिथे नऊ गुण दिले. वयाला नऊ दिले. गुडघ्याविषयी काहीच माहिती नव्हती, पण एकसष्टाव्या वर्षी गुडघा असतोच, म्हणून आठ दिले. अभिजित गेला तर पेनल्टी कॉर्नर कोण मारणार? दहा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत हार्मचा गुणाकार सहा हजार चारशे ऐंशीवर गेला होता. एवढा धोकादायक भाग कंपनीच्या इतिहासात कुणी पाहिला नव्हता. अणुभट्टीलाही इतके गुण पडले नसते.

तेव्हा त्याला अप्पा आठवले. अप्पा वीज मंडळात मीटर वाचायला होते. गल्लीतल्या प्रत्येक घरात चहा मिळे, आणि आकडा मात्र जो असेल तोच लिहीत. एकदा सख्ख्या भावाच्या घरचा आकडा त्यांनी जसाच्या तसा लिहिला, तेव्हापासून काकू त्यांना चहात साखर घालत नसे. ‘आकड्याला नातं नसतं रे,’ असं ते म्हणत आणि बिनसाखरेचा चहा पीत. देवदत्तनं तक्त्याकडे पाहिलं. मग तो बंद केला, जपून न ठेवता. न पाहिलेल्या भागाला गुण द्यायचे नाहीत, हा त्याचा स्वतःचाच नियम होता. भाग पाहायला हवा होता.

बुधवारी संध्याकाळी तो इरावतीला घेऊन शेजारच्या गावच्या मैदानावर गेला. तिला हॉकी कळत होतं, शिवाय मुलगी बरोबर असली की माणूस हेर वाटत नाही. हार्म सापडायला वेळ लागला नाही. सराव चालू होता आणि गोलमधून एक धिप्पाड पांढऱ्या मिशांचा माणूस अख्ख्या टीमच्या आईबापांचा उद्धार करत होता. पण चेंडू अडत होते. तो हलत नव्हता. चेंडू येई, तिथे त्याचा पाय आधीच असे, जणू चेंडूनं फोन करून कळवलं होतं. देवदत्त उडी मारी, लोळे, एकदा तर खांबाला मिठी मारून पडला होता. हा माणूस नुसता उभा होता. देवदत्त पाहत राहिला. त्यात मत्सर होता, पण दुसरंही काही होतं. चांगलं गाणं ऐकताना न गाणाऱ्याचीही मान डोलते, तसं.

“बाबा, ही इज सो गुड,” इरावती म्हणाली.

“दिसतंय मला.”

“आणि तू...” ती थांबली. पंधरा वर्षांची मुलगी वाक्य अर्धं सोडते तेव्हा ते दयेपोटी असतं, हे त्याला नव्यानंच कळलं. ती चिप्स आणायला क्लबहाउसकडे गेली.

सराव संपल्यावर हार्म बाकावर बसला. बसायला त्याला जवळजवळ अर्धं मिनिट लागलं, टप्प्याटप्प्यानं, गोदीत जहाज लागतं तसा. मग तो देवदत्तकडे न बघताच म्हणाला, “तू गोली आहेस.”

“कसं ओळखलंस?”

“बाकीचे चेंडूकडे बघतात. तू माझ्या पायांकडे बघत होतास.” त्यानं हेल्मेट शेजारी ठेवलं. “योस्टच्या टीमचा तू. म्हणजे मी तुझ्या जागेवर येणार. भांडायला आलास का?”

“रिपोर्ट लिहायला आलोय. तुला घेण्यात काय काय धोके आहेत त्याचा.”

हार्म इतका हसला, की त्याला खोकला आला. “तुलाच सांगितलं? वा! मग लिही. उजवा गुडघा, दोन ऑपरेशनं. कंबर, सकाळी दहाच्या आधी विचारू नकोस. मिशी, नैसर्गिक.” मग त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. “आणि एक गोष्ट लिहायची नाही. गोली गोलीला सांगतो म्हणून सांगतो. डाव्या डोळ्यानं मला धुकं दिसतं. मोतीबिंदू. दोन वर्षं झाली.”

“मग आत्ता तू...”

“आत्ता सगळे उजवीकडून मारत होते. डावीकडून आला तर मला कळतच नाही. म्हणून तर मी ओरडतो. आधीपासून ओरडत राहिलं, की गोल झाल्यावर चूक बॅकची ठरते.” त्यानं हातमोजे काढून हेल्मेटमध्ये टाकले. “ओरडण्याला कंटाळूनच ते मला देऊन टाकतायत. त्यांना कारण माहीत नाही.”

“पण हे तर वीस मिनिटांचं ऑपरेशन आहे. माझ्या आईनं सांगलीत केलं, दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडत होती.”

“डॉक्टरही तेच म्हणतो. भीती वाटते मला,” हार्म म्हणाला, वेळ सांगावी तितक्या सहज. “चाळीस वर्षं अंगावर चेंडू आले, मी डोळा मिटला नाही. पण तो माणूस हातात सुरी घेऊन येणार, आणि मी उघडा ठेवायचा? नाही जमणार.”

देवदत्त परत निघाला तेव्हा इरावती मागून काहीतरी बोलत होती आणि त्याला ऐकू येत नव्हतं. तक्त्याचा चौथा रकाना, बिघडायच्या आधी कळेल का, तिथे हार्मला दहापैकी दहा मिळत होते. कुणालाच कळणार नव्हतं. फक्त देवदत्तला कळलं होतं. एक ओळ लिहिली की सौदा मोडणार होता आणि जागा राहणार होती. ती ओळ खरी होती. तिच्यात अप्पांनाही खोट काढता आली नसती. आणि तरी ती लिहिण्याच्या कल्पनेनं त्याला इतकं ओशाळल्यासारखं होत होतं, की त्यानं चढ नसताना सायकलचा गियर बदलला.

“मग डोळा लिही ना,” घरी ऋजुता म्हणाली. ती गवार मोडत होती. “प्रश्न मिटला.”

“त्यानं विश्वासानं सांगितलंय.”

“मग नको लिहूस. तोही प्रश्न मिटला. माझं विचारशील, तर सहा वर्षं तुझे ते पॅड बाल्कनीत वाळतायत. शेजारची बाई मला विचारत होती, तुमच्याकडे काही मेलंय का.” तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि गवार बाजूला ठेवली. “तुला जायचं नाहीये ना तिथून?”

 रविवारी सकाळी साडेनऊला तो कुठे असेल, याचं चित्र त्यानं डोळ्यांपुढे आणून पाहिलं. आल्बर्ट हाइन सुपरमार्केटमध्ये. ढकलगाडी घेऊन दह्यांच्या कपाटापुढे. गाडीत मेथीऐवजी पालक. तिथे त्याला कुणीही अडवलं नसतं, आणि त्यालाही कुणाला अडवता आलं नसतं.

“देवा,” ऋजुता म्हणाली, “टीम म्हणजे फक्त गोल नसतो. मधे बरंच गवत असतं.”

गुरुवारी मीटिंगच्या आधी सायकली लावायच्या जागी अभिजित भेटला. अभिजित विद्यापीठात संशोधन करणारा, नागपूरचा, टीममधला एकमेव माणूस ज्याला खरंच हॉकी येत होतं. “दादा, तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं,” तो म्हणाला. “तिकडच्या गावात घर घेतलंय आम्ही. मीनलला सातवा महिना लागलाय. तो क्लब घरापासून चार मिनिटांवर आहे. मी तसाही जाणारच होतो. मीच त्यांना म्हटलं, माझ्या बदल्यात यांना काहीतरी द्या.”

म्हणजे अभिजितचे दहा गुण गेले. देवदत्तनं तिथेच, सायकलच्या सीटवर कागद ठेवून आकडा खोडला. आता हार्म घ्यायचा, नाहीतर काहीच नाही घ्यायचं, एवढंच उरलं होतं. मग तो झाडामागे गेला आणि त्यानं हार्मला फोन केला. “मी लिहीत नाही,” तो म्हणाला. “पण तू ऑपरेशन करायचं.” पलीकडे मिशीतून एक लांब श्वास ऐकू आला. “बघू,” हार्म म्हणाला आणि फोन बंद केला.

क्लबहाउसमध्ये योस्ट होता, नोटरीचं काम करणारा सांडर होता आणि बाकीचे सहा जण गरम बिटरबालनच्या, म्हणजे तळलेल्या मांसाच्या गोळ्यांच्या, ताटलीभोवती तोंड भाजून घेत होते. देवदत्तनं पान वाचून दाखवलं. गुडघा, कंबर, थंडी, पुढची सीट. गुणाकार शहाण्णव. घ्यावं. शेवटी एक ओळ होती: ‘आणखी एक धोका मला माहीत आहे. तो सांगायचा अधिकार माझा नाही. त्याचा बंदोबस्त मी स्वतः करेन.’

“नोटरी म्हणून मला हे वाक्य अजिबात आवडलेलं नाही,” सांडर म्हणाला. “बंदोबस्त म्हणजे काय?”

“मी डावीकडून बॅक खेळेन.”

 कुणीतरी बिटरबालन गिळलं ते ऐकू आलं.

“स्टिक घेऊन?” योस्टनं विचारलं.

देवदत्तला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. “मला एक सांगायचंय,” तो म्हणाला. कान तापले होते. “मी भारतात कधीच हॉकी खेळलो नाही. एक दिवससुद्धा नाही. सहा वर्षांपूर्वी मी खोटं बोललो.”

 मग सांडरनं हळूच विचारलं, “हे गुपित होतं?”

“म्हणजे?”

“पहिल्या सामन्यात तू डावा पॅड उजव्या पायाला घातला होतास. आम्ही ड्रेसिंग रूममध्ये तेव्हाच बोललो होतो.”

“मग मला ठेवलं कशाला?”

हा प्रश्न त्यांनी कधी स्वतःला विचारलेला नसावा.  “तू यायचास,” योस्ट अखेर म्हणाला. “पाऊस असला तरी.” मग त्यालाच ते अपुरं वाटलं असावं, म्हणून त्यानं मोहरीची वाटी देवदत्तकडे सरकवली. “आणि हे पान मी तुला का सांगितलं? दुसरं कुणी लिहिलं असतं, तर तुला न दुखवण्यासाठी खोटं लिहिलं असतं. आता सांग, स्टिक कशी धरायची माहीत आहे? डावा हात वर.”

हार्मचा पहिला सामना त्याच्या जुन्या टीमविरुद्धच आला, म्हणजे अभिजितविरुद्ध. सात अंश होते. हार्मनं तीनदा तपासलं. देवदत्त डावीकडे उभा राहिला, इरावतीची जुनी स्टिक हातात. ती त्याला इतकी आखूड होती, की तो सत्तर मिनिटं हरवलेलं नाणं शोधत असल्यासारखा वाकून पळाला. सहा वर्षांत त्याला मैदान असं दिसलंच नव्हतं. ते फार मोठं होतं आणि सगळं त्याच्याकडे चालून येत होतं. मागून हार्म त्याच्या सात पिढ्यांचं वर्णन करत होता. देवदत्त धापा टाकत होता, अंगावर चेंडू घेत होता, एकदा त्यानं नडगीनं अडवला आणि डोळ्यांतून पाणी आलं, एकदा अभिजित आडवा आला तर “सॉरी हं” म्हणत सरळ त्याच्या पायात पडला. पण डावीकडून एकही चेंडू आत गेला नाही. एकही नाही. सामना दोन-शून्य असा ते हरले, आणि दोन्ही गोल उजवीकडून झाले.

“ते तर दिसत होते ना तुला?” सामन्यानंतर देवदत्तनं विचारलं. तो गवतावर उताणा पडला होता, कारण दुसऱ्या कुठल्याही स्थितीत त्याला राहता येत नव्हतं.

“स्वच्छ,” हार्म म्हणाला. “उत्कृष्ट फटके होते दोन्ही. पोचता आलं नाही.” तो शेजारी बसायला लागला, आणि देवदत्तनं तो पूर्ण बसेपर्यंत वाट पाहिली. पलीकडे अभिजित मीनलला हात धरून बाकावर बसवत होता, योस्ट कॉफी आणायला निघाला होता, आणि इरावती कुणाला तरी डचमध्ये सांगत होती, की तो तिचा बाबा आहे, हो, तो आडवा पडलेला.

“मंगळवारी तुला वेळ आहे का?” हार्मनं विचारलं. तो समोर कुठेतरी पाहत होता. “सव्वादहाची वेळ दिली आहे दवाखान्यानं. घरी आणायला बरोबर माणूस लागतो म्हणे.”

मंगळवारी दहाला ऑफिसात जपानहून लोक येणार होते, त्यांच्यासमोर देवदत्तला चाळीस पानं वाचायची होती. त्यानं पडल्या पडल्या फोन काढला आणि शेजारच्या इंग्लिश मुलीला लिहिलं, की मंगळवारी तू वाच.

“नऊला दारात येतो,” तो म्हणाला.

“पावणेनऊला ये,” हार्म म्हणाला. “आणि आत माझ्याबरोबर बस. मी पळून जायला लागलो तर पाय धर.”